मालगुजाराचा कोट

बळीरामनं लॅपटॉपचं झाकण खाडकन पाडलं. दुकानदार गौरवनं बोटं वेळेवर मागं घेतली म्हणून वाचली.

"किसका था ये?"

"कंपनी का माल है, अंकल. बड़े ऑफिसवाले तीन-चार साल में सब बदल देते हैं. हम पूरा खोलके साफ करते हैं, नई बॅटरी डालते हैं, साल भर की वॉरंटी..."

"वो नहीं पूछा. किसका था?"

गौरवनं सुजाताकडं पाहिलं. आता या प्रश्नाला तो बिचारा काय उत्तर देणार? भिलाईतल्या सुपेल्याच्या त्या बोळातल्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक यायचं, रॅम विचारायचं, बॅटरी विचारायचं, घासाघीस करायचं. आधीच्या मालकाचं नावगाव विचारणारा हा पहिलाच भेटला होता. सुजाता बापाच्या शेजारी दात-ओठ खात उभी होती. आत्ता, या झाकणाखालीच, तिनं आपलं पुलाचं ड्रॉइंग उघडून पाहिलं होतं. सगळे गर्डर, सगळे जोड, कुठंही न अडकता गोल फिरले होते. पलीकडच्या नव्या मालाच्या शोरूममध्ये हेच ड्रॉइंग बापाच्या बजेटातल्या कोऱ्या लॅपटॉपवर असं अडकलं होतं, की तिथला सेल्समन कंटाळून चहा प्यायला निघून गेला होता.

"बाबा, मले हाच पायजे. तुमच्या समोर तं पाह्यलं तुमी."

"नवीन पायजे तं सांग. नाई तं घरी चाल."

"त्या पैशात नवीन म्हंजे डब्बा येते, डब्बा!"

"डब्बा तं डब्बा. आपला राहीन."

"पुढच्या सोमवारी टेस्ट आहे माही. डब्ब्यावर काय कपाळ देऊ?"

बळीराम दुकानाबाहेर निघालासुद्धा. त्यानं मोटरसायकलला अशी किक मारली, की जणू तिनंच जुना लॅपटॉप मागितला होता. सुजाता मागं बसली ती बापाच्या पाठीला अंग लागणार नाही अशी, कॅरिअर घट्ट धरून. रुआबांध्याच्या क्वार्टरपर्यंत दोघांच्या तोंडाला कुलूप होतं.

ते कुलूप घरात पाय टाकल्याबरोबर फुटलं.

तिचंही काही चुकत नव्हतं. पॉलिटेक्निक करून पोरगी वर्षभर घरात बसली होती. सेक्टरातल्या पोराटोरांच्या शिकवण्या घेत होती. रायपूरच्या एका कंपनीनं तिला निवडली होती. पुलांची ड्रॉइंग घरी बसून करायची, फक्त मशीन स्वतःचं पाहिजे आणि दमाचं पाहिजे. सोमवारी त्या मशीनवर तिची परीक्षा. ड्रॉइंग अडकलं की यादीतल्या पुढच्या पोरीला फोन. हे सगळं बळीरामला माहीत होतं. मोहल्ल्यात पेढे त्यानंच वाटले होते.

"माह्या शिकवणीचे पैसे आहेत," सुजाता म्हणाली. "बाकीचे हप्त्यानं देतो म्हन्लं मी त्याले. तुमी काई देऊच नका."

"बापाचा हात तुटला काय? पोरीच्या पैशावर आणू?"

"मंग काय पायजे तुमाले?"

"उतरलेलं नाई पायजे. कोणीतरी वापरलं, त्याचा जीव भरला, टाकून देल्लं. अन् ते आपण डोक्यावर घेऊन यायचं? या घरात उतरलेलं येत नाई. तुह्या आबाजीनं आणलं नाई, मी आणलं नाई."

झालं. आता कोट येणार, हे स्वयंपाकघरात सुजाताच्या आईला, रुक्माला कळलं. तिनं गॅस बारीक केला.

कोटाची गोष्ट या घरात दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सांगितली जायची. बळीरामचा बाप चिंधू पवनीकडच्या एका खेड्यात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी राबायचा. नागपूरला दीक्षा घेऊन आला, त्याच हिवाळ्यात मालगुजारानं ओट्यावरून आपला एक उतरलेला कोट त्याच्या पुढ्यात टाकला. लोकरीचा, चांगला जाडजूड. चिंधूनं तो उचलला, चारचौघांसमोर अंगात घातला, बटनं लावली. शिंप्यानं माप घेऊन शिवावा असा बसला. मग त्यानं तो काढला, नीट घडी केली, ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "चांगला आहे मालक, पण माह्या मापाचा नाई." तसाच कुडकुडत तो गाव सोडून निघाला. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. इथं मातीच्या टोपल्या उचलल्या, मग प्लांटात लागला, पण त्या गावाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. गोष्टीतलं शेवटचं वाक्य बळीराम नेहमी उभा राहून म्हणायचा. म्हणून झालं की रुक्मा पाण्याचा गिलास पुढं करायची.

आज गिलास मिळाला नाही, कारण सुजातानं गोष्ट मध्येच तोडली.

"आबाजीची सायकल? ते कोण्या फोरमनची जुनीच होती न?"

"ते दाम देऊन घेतली होती! कोणी फेकली नव्हती त्याच्या अंगावर."

"मंग आपण तिथं मांगाले गेलतो काय? आपणही दामच देऊन राहिलो."

बळीरामची तळपायाची आग मस्तकात गेली. "लय शिकली तू! बापाले शिकवाले निंघाली!"

"तुमी प्लांटातल्या भट्टीत रोज भंगार टाकता. त्याचंच पोलाद बनते. ते चालते?"

"भट्टीत पडलं का त्याचा मालक जळून जाते, सुजे. तुह्या त्या डब्ब्यात कोण जळते? झाकण पुसलं का झालं नवीन?"

हे मात्र त्याला स्वतःलाही पटलं. मान ताठ करून त्यानं रुक्माकडं पाहिलं. रुक्मानं पोळपाट आपटला.

"दोघाईचे तोंड घ्या जराशे आवरून. शेजारीपाजारी ऐकून राहिले."

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. सुजाता ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवायची. बळीराम ड्यूटीवरून आला की ती उठून शिकवणीला निघून जायची. काही लागलं तर "आई, त्यायले सांग" आणि "रुक्मे, तिले सांग". रुक्मा दोघांमध्ये निरोप वाहून वाहून वैतागली.

पण बळीराम नुसता रुसून बसला नव्हता. बाप होता तो. पोरीचा सोमवार त्याच्या डोक्यातून जात नव्हता. प्लांटात पाळीवर असताना, जेवणाच्या सुट्टीत, त्याला तेच. उतरलेलं घरात येऊ द्यायचं नाही आणि पोरीचं कामही अडू द्यायचं नाही. एका दुपारी त्याला युक्ती सुचली, तेव्हा तो एकटाच हसला. त्यानं तिथूनच पुण्याला राजदीपला फोन लावला. राजदीप सुजाताचा थोरला भाऊ, पुण्यात नोकरीला. त्याच्याजवळ इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला लॅपटॉप होता. चांगला भारी होता. तेव्हा बळीरामनं फंडातून पैसे काढून घेऊन दिला होता. राजदीपचीही नव्याची भुणभुण कधीची चाललीच होती. दोन मिनिटांत सगळं ठरलं.

रविवारी सकाळी कुरिअरचा खोका आला. बळीरामनं तो स्वतः उघडला. मऊ फडक्यानं लॅपटॉप पुसला, कडेकोपऱ्यातली धूळ काडीनं काढली. मार्केटातून आदल्या दिवशीच एक नवी कोरी बॅग आणून ठेवली होती, तिच्यात तो घातला. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपल्या तोंडानं हाक मारली.

"सुजे! ये इकडं, बाई."

सुजाता आली. बॅग पाहून तिचा चेहरा उजळला, हे बळीरामनं पाहिलं. त्याला इतकं बरं वाटलं, की आठ दिवसांचा सगळा शीण उतरला. तिनं चेन उघडली, लॅपटॉप बाहेर काढला, मांडीवर घेऊन चालू केला. ड्रॉइंग टाकलं. पूल उघडला, फिरला, कुठंही अडला नाही.

"पाह्य! चालते का नाई?" बळीराम म्हणाला. "मी म्हन्लं होतं न, बाहेरचं भंगार आणाचं काम नाई."

सुजातानं कीबोर्डवरून बोट फिरवून पाहिलं. 'ए' आणि 'एस'वरची अक्षरं घासून गेली होती. झाकणावर क्रिकेटच्या टीमचा स्टिकर खरवडून काढल्याचा चौकोन दिसत होता.

"कोणाचा होता हा?" तिनं विचारलं. अगदी त्याच्याच आवाजात.

"कोणाचा म्हंजे? राजदीपचा. घरचाच तं आहे."

"अन् दादा काय वापरन?"

"त्यानं नवीन घेतला."

"कोणाच्या पैशानं?"

बळीरामनं खांदे उडवले. "तुह्यासाठी काढून ठेवले होते, ते त्याले पाठवले. सगळे घरातच राह्यले न. तो चारचौघांत, मोठ्या ऑफिसात बसते. त्याले पायजे नवीन. तू तं घरीच बसून करशीन."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, खोलीत काहीतरी बदललं. काय, ते कळेना. पोरगी रडली असती, ओरडली असती, तर त्याला तोंड देता आलं असतं. ती नुसती त्या घासलेल्या अक्षरांकडं पाहत होती.

"माही सायकल त्याचीच होती," ती हळू म्हणाली. "तो बारावीत गेला तवा नवी आली त्याले, अन् ते मले देल्ली. डंड्याची होती. पोरी हासत."

"अवो, सायकल सायकलच..."

"दप्तरही त्याचंच होतं. कंपासही."

"स्वेटर," रुक्मा दारातून म्हणाली.

बळीरामनं चमकून बायकोकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत घरातल्या भांडणात तिनं कोणाची बाजू घेतली नव्हती. आताही तिनं एकच शब्द टाकला, आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"अवो, पण हे घरचं..." तो म्हणाला. "हे काय उतरलेलं... भाऊ आहे तो तुहा."

सुजातानं लॅपटॉप बंद केला. झाकण आपटलं नाही. बॅगेत घातला, चार्जरची वायर नीट गुंडाळून बाजूच्या खिशात ठेवली, चेन लावली. मग बॅग घेऊन बाहेर गेली. बळीरामला वाटलं, राग गिळला पोरीनं, मैत्रिणीला दाखवायला निघाली असेल. तो मागोमाग दारापर्यंत आला.

क्वार्टरच्या पुढच्या ओट्यावर, जिथं तो संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचा, तिथं तिनं बॅग ठेवली. पडू नये म्हणून भिंतीला टेकवली. तिची टेस्ट उद्यावर होती, आणि तिच्या हातात आता काहीच नव्हतं. ती सरळ उभी राहिली.

"चांगला आहे बाबा," ती म्हणाली. "पण माह्या मापाचा नाई."

तिनं ते चिडून म्हटलं नाही. पाठ असलेलं म्हटलं, लहानपणापासून ऐकलेलं. बळीरामचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

रुक्मा त्याच्या बाजूनं वाट काढून बाहेर आली. तिनं चपला घातल्या. हातात पर्स होती.

"तू कुठं निंघाली?" त्याचा आवाज फुटला.

"सुपेल्याले. हप्त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाची सही पायजे म्हंते तो दुकानातला पोरगा." चपलेचा पट्टा तिनं ओढून घेतला. "मले येते सही."

"रुक्मे, मी काय वाईट केलं? सांग न! पोरीसाठीच केलं न मी?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पाहण्यात राग होता, आणि रागापेक्षा जुनं असंही काही होतं. मग ती फाटकाबाहेर पडली. दोघी मायलेकी रस्त्यानं शेजारी शेजारी गेल्या. सुजातानं एकदाही वळून पाहिलं नाही. कोपऱ्यावर ऑटो थांबला, दोघी बसल्या, ऑटो गेला.

शेजारचे गुलाबराव आपल्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळी बाजूला धरून विचारलं, "काय बळीरामभाऊ, पोरीले लॅपटॉप आणला वाटते?"

बळीराम ओट्यावर आला आणि त्यानं बॅग उचलली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा जड होती. आत नेऊन ठेवावी, की राहू द्यावी इथंच, की परत पाठवावी, त्याला समजेना. तो ती दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला.

बापाच्या तोंडून कोटाची गोष्ट त्यानं इतक्यांदा ऐकली होती, इतक्यांदा सांगितली होती. चिंधू निघून जायचा आणि गोष्ट संपायची. मागं ओट्यावर उभ्या राहिलेल्या मालगुजारानं त्या कोटाचं पुढं काय केलं, हे बळीरामनं कधी विचारलंच नव्हतं.