शेवंतीच्या बारा पाकळ्या

सुमिरेची चूक मला मंगळवारीच दिसली होती. मी गप्प बसलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर जपानमधल्या त्सुकुबा गावातल्या मुलांना कागदाच्या घड्या शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. चूक आपली आपल्याला सापडली की मुलं ती विसरत नाहीत.

सुमिरे सहावीत आहे. कोपऱ्यावरच्या हिरानुमांच्या दुकानात शरदात शेवंतीच्या आकाराची मऊ मिठाई मिळते. त्या मिठाईसाठी सुमिरे डबी करत होती, अख्ख्या एका कागदाची, कात्री आणि डिंक न लावता. हिरानुमांना डबी पसंत पडली तर यंदा ती दुकानाच्या काचेत बसणार, नाहीतर दरवर्षीचा पांढरा खोका आहेच. हे तिने वर्गात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

संगणकावर तिने डबीच्या कडेची एकच वक्र रेघ काढली. कुंभाराच्या चाकावर फिरवावी तशी संगणकाने ती फिरवली, गोल आकार दाखवला आणि घड्यांच्या रेघांचा नकाशा काढून दिला. आता सपाट कागद गोल करायचा तर जास्तीचा कागद कुठेतरी जायलाच हवा. तो पडद्यांसारखा उभा राहतो, आत किंवा बाहेर. या डबीला असे आठ पडदे होते. डबी बाहेरून गुळगुळीत दिसावी म्हणून सुमिरेने आठही पडदे आत घेतले.

शनिवारी हिरानुमा दोन मिठाया घेऊन वर्गात आले. सुमिरेने त्यातली एक डबीत ठेवली आणि वरचं तोंड पिळून मिटलं. हिरानुमांनी ते उघडलं आणि आत पाहिलं.

"पोरी, मी शेवंती दिली होती. तू कोबी परत केलास."

आठ पडद्यांनी मिठाईत आठ चिरा पाडल्या होत्या. सुमिरेने माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि मी पाच डब्या केल्या तरी तुम्ही काही बोलला नाहीत."

"पाचवी सुबक झाली होती," मी म्हणालो. ती माझ्याकडे पाठ करून बसली.

"पडदे बाहेर घे की," हिरानुमा म्हणाले.

"मग ती डबी नाही, पंखा दिसेल."

"मग राहू दे. खोका आहे माझ्याकडे."

ते उठायला लागले. सुमिरेने मिठाई त्यांच्या हातात दिलीच नाही, डोळ्यांजवळ नेऊन फिरवली. त्यांनी पाकळ्यांमध्ये लाकडी पट्टीने पाडलेल्या खाचा तिने बोटाने मोजल्या.

"काका, पाकळ्या नेहमी बाराच असतात?"

"माझ्या वडिलांपासून बाराच."

"एकदा आठ करून बघाल?"

"एकदा आठ बोटांनी घड्या घालून बघशील?"

ती हसली नाही. मोजपट्टीने एका खाचेची खोली मोजून ती संगणकाकडे गेली. पडदे आठऐवजी बारा केले, वक्र रेघ पोटाशी थोडी आत घेतली. रेघा दाबून देणाऱ्या यंत्राने नवा कागद दिला. त्याच्या घड्या घालायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात हिरानुमांनी चहा घेतला, घड्याळ पाहिलं, कोबी खाऊन टाकला.

दुसरी मिठाई डबीत उतरली तेव्हा एकेक पडदा एकेका खाचेत शिरला. हिरानुमांनी डबी कानाशी धरून हलवली. मग ती सायकलच्या टोपलीत ठेवली आणि विटांच्या खडबडीत रस्त्यावरून जवळच्या तळ्याला एक चक्कर मारून आले. सुमिरे दारात उभी. त्यांनी डबी उघडली. एकाही पाकळीला धक्का नव्हता.

"खोक्यात ही भिंतीला घासून चपटी होते," ते मिठाईलाच सांगितल्यासारखं म्हणाले. मग सुमिरेला म्हणाले, "पुढच्या शनिवारपर्यंत चाळीस लागतील. काचेत आणि विकायला."

सुमिरेचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तिने बोटांवर हिशेब केला, मग कागदावर केला.

"गुरुजी, सव्वीस तास आणि वर चाळीस मिनिटं?"

"बरोबर आहे."

"काका," ती म्हणाली, "तुम्ही रोज कितीला दुकान बंद करता?"

"सहाला. का?"

तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. हिरानुमांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"आधी हात धुवा दोघंही," सुमिरे म्हणाली.