औदुंबराखालचं पाणी

बाथरूम तयार होतं. टाइल्स लागल्या होत्या, कमोड बसला होता, धरून उठता यावं म्हणून भिंतीत स्टीलचे दांडे ठोकले होते, गीझरसुद्धा लटकला होता. अडचण एवढीच होती, की आत पडलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती.

यज्ञेश्वर भागवत रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या बाथरूमच्या दारात उभे राहत आणि कमोडकडे रागाने बघत. बिचाऱ्या कमोडचा काही दोष नव्हता. पण ज्यांचा दोष होता ते कोणी सकाळी सापडत नसत. यज्ञेश्वररावांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून झालेली. कालव्यांच्या उतारांची किती पत्रं त्यांच्या टेबलावरून गेली त्याला गणती नाही. आणि आता बिबवेवाडीतल्या स्वतःच्या बंगल्यात, मागच्या अंगणातून पुढच्या रस्त्यापर्यंत, त्यांना पाणी नेता येत नव्हतं.

हा सगळा खटाटोप कुसुमताईंसाठी चालला होता. गणपतीत त्या जिन्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर वॉकर घेऊन खुशाल चालू द्या, पण जिना आता विसरा. बंगल्यात संडास-बाथरूम वरच्या मजल्यावरच, म्हणून दवाखान्यातून आणलं ते थेट वर. तेव्हापासून त्या वरच. स्वयंपाकघर खाली, अंगण खाली, येणारं-जाणारं माणूस खाली, आणि जिने हे घर इतकी वर्षं चालवलं ती बाई वर, खिडकीच्या गजांमागे. तेव्हा ठरलं, की मागच्या पडवीच्या जागी एक खोली आणि बाथरूम बांधायचं आणि कुसुमला खाली आणायचं. दिवाळीपर्यंत होईल, असं सगळेच म्हणाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आता होळी आली होती.

घोडं अडलं होतं ड्रेनेजच्या लाइनीवर. नव्या खोलीचा पाया नेमका जुन्या लाइनीवर आला. हे पाया खणताना कळलं, कारण त्याआधी लाइन कुठून जाते ते बघावंसं कोणालाच वाटलं नव्हतं. वरच्या मजल्याचं आणि स्वयंपाकघराचं पाणी तात्पुरत्या पाइपातून, विटांचे टेकू देऊन, पश्चिमेच्या भिंतीकडेने बाहेर काढलं. ते वरच्या मजल्यावरून नाहीतर ओट्याच्या उंचीवरून येतं, त्यामुळे कसंबसं जातं तरी. खालच्या कमोडला ती सोय नाही, त्याला जमिनीखालूनच लाइन हवी. पश्चिमेला पिण्याच्या पाण्याची टाकी पुरलेली, तिच्या शेजारून जमिनीखालून मैला कोण नेईल? उरली पूर्वेची बाजू. खोलीला वळसा घालून नवी लाइन पूर्वेला काढायची, तिथे जुन्या लाइनीला जोडायची, की झालं.

"दोन दिसाचं काम हाय," हिंदुराव प्लंबर म्हणाला, आणि हडपसरला दुसऱ्या कामावर गेला तो महिनाभर फोन उचलेना.

तेवढ्यात हेमाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, पूर्वेच्या बाजूला लँडस्केपिंग करून घेतलं. आई खाली आली की तिला बसायला छान जागा हवी, म्हणून तिने बाणेरहून माणसं पाठवली. यज्ञेश्वरराव त्या दिवशी पेन्शनच्या कामाला बाहेर गेले होते. परत येऊन बघतात तर जिथे खणायचं तिथे हिरवंगार लॉन, फरशीची पायवाट आणि वर बसायला बाक.

"अगं, इथून लाइन जायचीय!" ते फोनवर ओरडले.

"मग बाबा, ती आधी का नाही करून घेतली?" हेमा म्हणाली.

यज्ञेश्वररावांनी फोन ठेवला.

त्या लॉनच्या मधोमध औदुंबर उभा होता. कोणी लावलेला नव्हता, आपणहून उगवलेला. कुसुमताईंनी त्याला पार बांधून घेतला, पादुका बसवल्या, आणि हळूहळू दर गुरुवारी आसपासची मंडळी आरतीला जमू लागली. आरतीचा कारभार शेजारच्या श्रीनिवासरावांकडे. झाडाच्या बुंध्याशी माती भर वैशाखातसुद्धा ओली असायची. "औदुंबराखाली गंगा वाहते, शास्त्रच आहे ते," असं श्रीनिवासराव सांगत, आणि लोक ती ओली माती कपाळाला लावत. यंदा मात्र माती कोरडी पडली, पानं गळायला लागली. श्रीनिवासरावांनी कारण शोधून ठेवलंच होतं.

"यज्ञेश्वरराव, राग मानू नका, पण तुमचं हे बांधकाम महाराजांना मानवलेलं दिसत नाही."

"मग महाराजांनी मुदतीत हरकत घ्यायला हवी होती," यज्ञेश्वरराव म्हणाले.

अखेर हिंदुराव उगवला. त्याने लॉन गुंडाळून बाजूला टाकलं, फरश्या उचकटल्या, चर खणत खणत औदुंबरापाशी आला आणि थांबला.

"साहेब, हिकडं या जरा."

चरात मांडीएवढी जाड मुळी आडवी गेली होती. तिच्याखाली भाजक्या मातीचा जुना पाइप, सांध्यावर फुटलेला, आणि त्या फटीतून आत घुसलेल्या बारीक मुळ्यांनी पाइप गच्च भरलेला. हिंदुरावने त्यातला एक झुबका ओढून काढला. न्हाणीच्या मोरीतून केसांचं गुंतवळ निघावं तसा तो निघाला, आणि त्यामागून जो वास आला तो काही गंगेचा नव्हता.

"लई वर्सं गळत असणार," हिंदुराव म्हणाला. "घरचं समदं पाणी ह्योच पीत हुता. आता तुमी ते वरच्या पाइपातनं काढलं, म्हनून सुकाय लागला."

यज्ञेश्वररावांनी कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दर गुरुवारी त्याच कपाळाला काय लावत आलो ते त्यांना आठवलं.

"हे कोणाला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "आता पुढे काय करायचं ते बोल."

"मुळी कापली तर लाइन सरळ बसती. ढाळ बी मिळतो."

"मग काप."

"माज्या हातनं न्हाई व्हायचं, साहेब. दत्ताचं झाड हाय. मी लेकराबाळांचा मानूस."

कुंपणाच्या भिंतीवरून श्रीनिवासरावांचं डोकं वर आलंच. "मुळी? अहो, त्याला महापालिकेची परवानगी लागेल. आणि ती मिळाली तरी वहिनींच्या मनाला काय वाटेल?" संध्याकाळी हेमाचा फोन. "बाबा, प्लीज, आईला यातलं काही म्हणजे काही सांगू नका. तिचं झाड आहे ते. तिला केवढा शॉक बसेल!" यज्ञेश्वररावांनाही तेच वाटत होतं. चिडायला त्यांच्याकडे सगळं जग होतं, पण कुसुमच्या झाडावर घाव घालायचा म्हटलं की त्यांचा हात उठत नसे.

म्हणून लाइनीने झाडाला प्रदक्षिणा घालायचं ठरलं. हिंदुरावने पाइपाला इथे वाकवलं, तिथे वाकवलं, पाराच्या बाहेरून फिरवून आणला. वळसा लांबला तसा ढाळ संपला. नव्या बाथरूममध्ये बादली ओतली. पाणी गेलं, थोडा वेळ आत थांबलं, आणि विचार बदलून परत आलं. पाइप काढला, पुन्हा बसवला, पुन्हा बादली ओतली. पाणी पुन्हा परत. दरम्यान एकदा हिंदुरावला मार्केट यार्डात कोणाच्या गाळ्याचं काम आलं, एकदा त्याच्या मेव्हण्याचं लग्न आलं. बाहेरचा चर तसाच उघडा, आणि त्यात रोज कोणाचं ना कोणाचं मांजर पडलेलं.

"एक आयडिया हाय," हिंदुराव एक दिवस म्हणाला. "बाथरूमच फूटभर वर उचलू. मंग ढाळच ढाळ."

"आणि आत जायचं कसं?"

"दोन पायऱ्या करू की."

"अरे, बाईला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तर हे बांधलंय!" यज्ञेश्वररावांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "तू मला पायऱ्या घालून देणार? वर बाक ठेव अजून! लॉन लाव! आरती कर!"

ते तरातरा घरात आले. तळहाताला चिखल, डोक्यात संताप. वर जेवणाचं ताट न्यायची वेळ झाली होती. ताट घेऊन ते जिना चढले. कुसुमताई खिडकीशी बसल्या होत्या.

"झालं का हो?" त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

"नाही झालं! आणि होणारही नाही!" यज्ञेश्वररावांनी ताट स्टुलावर आदळलं, आणि मग जे कोणी सांगायचं नव्हतं ते सगळं त्यांच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. फुटलेला पाइप, मुळ्या, गंगा, वळसा, पायऱ्या, सगळं.

कुसुमताईंचे खांदे गदगदू लागले. यज्ञेश्वररावांना वाटलं, रडल्या. पण त्या हसत होत्या.

"म्हणजे श्रीनिवासराव इतकी वर्षं ते कपाळाला—"

"मीसुद्धा."

"तुम्हीसुद्धा!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. पदराने डोळे पुसले आणि एकदम थांबल्या. "एवढी मुळी कापली तर झाड मरेल?"

"हिंदुराव म्हणतो, नाही मरायचं. पण मरेलही. कोणी सांगावं?"

"मग अडलंय कशावर?"

"अगं, तुला काय वाटेल म्हणून..."

"असं कोणाकोणाच्या मनात आलं?"

"हेमाच्या. श्रीनिवासरावांच्या. माझ्या."

"मग तुमच्यापैकी कोणी वर येऊन मला विचारलं?"

यज्ञेश्वरराव तळहातावरचा चिखल खरवडू लागले.

"तुम्ही दोन्ही वेळा ताट घेऊन येता, 'होतंय' म्हणता आणि जाता." कुसुमताईंचा आवाज चढला नाही, पण त्यातलं हसू पार गेलं होतं. "मी मेले नाहीये, वर बसलेय. त्या झाडाची पानं गळताना तुमच्यापेक्षा जास्त मी बघितलीत. नमस्कार मी केला, पार मी बांधला. माझ्या नमस्काराचं काय करायचं ते मी बघून घेईन. मला खाली यायचंय हो. मला माझ्या ओट्याशी उभं राहून आमटीला फोडणी द्यायचीय. दारात कोण आलंय ते दारात जाऊन बघायचंय. एका मुळीपायी मला इथे कोंडून ठेवलंत, आणि वर माझंच नाव पुढे करून!"

यज्ञेश्वररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने ते प्लंबरवर चिडले, मुलीवर चिडले, शेजाऱ्यावर चिडले, कमोडवरसुद्धा चिडले. जिना तर रोज चढत होते. विचारायचं तेवढं खाली ठेवून येत होते.

ते खाली आले, हिंदुरावच्या सामानातली कुऱ्हाड उचलली आणि चरात उतरले. पहिला घाव मातीत गेला. दुसरा पाइपावर. श्रीनिवासराव धावत भिंतीशी आले.

"अहो यज्ञेश्वरराव! काय चालवलंय हे? वहिनींना कळलं तर..."

"वहिनींना कळलंय, श्रीनिवासराव." आवाज वरून आला. कुसुमताई वॉकर धरून खिडकीत उभ्या होत्या. "मीच सांगितलंय कापायला. झाडाला पाणी हवं असेल तर गुरुवारी येताना एकेक कळशी आणत जा. इतकी वर्षं त्याला जे मिळत होतं ते आमच्या संडासाचं होतं."

श्रीनिवासरावांचं डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळाने त्यांच्या अंगणातला नळ सुटल्याचा आणि कोणीतरी तोंड खसाखसा धुतल्याचा आवाज आला.

हिंदुरावने वर बघितलं, मग यज्ञेश्वररावांच्या पायांकडे बघितलं. तिसरा घाव त्यांच्याच नडगीवर बसणार होता. "द्या हिकडं, साहेब," तो म्हणाला. "वैनीच म्हनत्यात तर आता काय." त्याने हात जोडले, पुटपुटला, आणि मुळी कापली.

पाइप सरळ बसला. दुसऱ्या दिवशी सांधे वाळल्यावर हिंदुरावने बाथरूममध्ये बादली ओतली. यज्ञेश्वरराव रस्त्याकडच्या चेंबरवर ओणवे होऊन बसले होते. आधी नुसता खळखळाट आला, मग पाणी आलं, सगळंच्या सगळं, न थांबता. ते तसेच घरात शिरले आणि धापा टाकत जिना चढले.

कुसुमताई जिन्याच्या तोंडाशीच होत्या. इस्त्रीचं पातळ नेसलेल्या, केस विंचरलेले, दोन्ही हात वॉकरवर घट्ट. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"झालं?"

"झालं."

"मग खुर्ची आणा आणि उचलायला चार माणसं बोलवा," कुसुमताई म्हणाल्या. "आणि त्यांना सांगा, मी 'हं' म्हटल्याशिवाय मला कोणी हात लावायचा नाही."