पहाऱ्यावरची शिंपली

मी एक शिंपली. पोलंडमधल्या एका तळ्याच्या गाळात सहा वर्षं सुखात काढली. मग पाण्याची तपासणी करणाऱ्या ग्राझिनाबाईंनी मला उचललं आणि ओल्शिनेक गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात नोकरीला लावलं.

काम साधं. नदीचं कच्चं पाणी आम्हा आठ जणींवरून वाहायचं. प्रत्येकीच्या पाठीवर इवलासा लोहचुंबक चिकटवलेला; त्यावरून आमची उघडझाप संगणकाला कळायची. पाणी चांगलं असलं की आम्ही तोंड उघडून निवांत बसायचो. झोंबलं की मिटायचो, आणि पडद्यावरची रेघ धाडकन खाली यायची. यंत्रं शिकवलेली विषंच ओळखतात. आम्हाला यादी लागत नाही.

"पाणी पारखायला शिंपल्या! उद्या बेडकांना पगार द्याल," केंद्रप्रमुख झेनोनसाहेब हसायचे.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी पाणी मला डसलं. मी गच्च मिटले. पाहता पाहता आठही जणी मिटल्या. ग्राझिनाबाईंनी फोन लावला, तसे झेनोनसाहेब नव्या सुटातच धावत आले. त्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्या नातीला पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळण्याचा विधी होता. गावात घरोघरी तोच सोहळा.

"यंत्रं काय म्हणतात?"

"काही नाही."

"मग शिंपल्या रुसल्या म्हणून गावाचं पाणी तोडू? अहो, माझ्या घरी चाळीस पाहुणे आहेत!"

"त्या चाळीस जणांच्या पेल्यांत हे ओतू?"

"आणि तुमची चूक निघाली तर?"

"तर मला घरी बसवा. आता बाजूला व्हा, साहेब."

बाईंनी गावाकडे जाणाऱ्या पाण्याची झडप बंद केली. पाण्याचे नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत धाडले. दुपारी टाक्या आटल्या, टँकर फिरू लागले आणि फोनवर शिव्यांचा पाऊस पडला. बाई प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "नळाचं पिऊ नका."

संध्याकाळी निकाल आला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कारखान्याने धातूवरचं तेल धुवायचं रसायन पात्रात सोडलं होतं. त्याचा पाइप बंद झाला. इकडे दोन दिवस पाण्यात कोळशाची भुकटी मिसळून विष शोषून घेतलं. तपासणीत पाणी तीनदा निर्मळ निघालं, तेव्हाच बाईंनी झडप उघडली.

आमच्यातल्या दोघी मात्र मेल्या; उघडल्या त्या पुन्हा मिटल्याच नाहीत. झेनोनसाहेब त्यांच्यापाशी आले.

"यांची नावं काय होती?"

"नावं नव्हती, साहेब. नंबर होते. तीन आणि सात."

साहेबांनी बाह्या सारल्या आणि दोघींना स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं.

कामाचे तीन महिने भरले, तशी माझी नोकरी संपली. फार काळ राहिलं तर आम्हाला त्या पाण्याची सवय होते, आणि सवय झालेली शिंपली पहाऱ्याच्या कामाची नाही. पुन्हा कुणी मला पकडू नये म्हणून पाठीवर खूण करून बाईंनी तळ्यात सोडलं. होडी साहेबच वल्हवत होते.

आता मी गाळात रुतून बसले आहे. तिकडे नव्या आठ जणी रुजू झाल्यात. त्या मिटल्या तर आधी पाणी बंद करा. वाद मग घाला.