रामनवमीनंतरचा राजीनामा

घनश्यामभाऊंचा मला राग येतो, हे फारच सौम्य झालं. गोड बोलून गळा कापणारा माणूस. माझे वडील बाबूसिंग राठोड, म्हणजे आमचे बा, राज्यसभेचे खासदार, मारेगावकडच्या आमच्या बंजारा तांड्यातून दिल्लीला गेलेले पहिलेच. घनश्यामभाऊ आमदार, पण डोळा दिल्लीवर. सौदा त्यांनीच ठरवला. बांनी मुदतीआधी राजीनामा द्यायचा, पोटनिवडणुकीत भाऊ राज्यसभेवर जाणार आणि येत्या विधानसभेला भाऊ उभे न राहता त्यांच्या जागेचं तिकीट मला. बांनी शब्द दिला. मी वकिली गुंडाळून गावोगाव फिरले.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म दिसला तो भाऊंच्या पुतण्याच्या, ओमच्या हातात. मी तहसीलसमोर गळ्यात हार घालून उभी. लोक हसले. ती हसणारी तोंडं मला एकेक आठवतात.

ओम निवडून आला आणि भाऊ लगेच आमच्या ओट्यावर हजर. लाज कोळून प्यायलेले.

"बाबूसिंगजी, तुमचा शब्द बाकी हाये. जागा खाली झाली का सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. वकिलाले इचारलं मी."

बा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "देतीन ना भाऊ. पण येवढं मोठं काम आमच्यात सेवालाल महाराजाच्या पाया पडल्याबिगर होत नाही. रामनवमीले पोहरादेवीची यात्रा हाये. तिथून आले का राजीनामा."

ओमसाठी भाऊंना पुढेही तांड्यांची मतं हवी होती. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"हो हो, यात्रा होऊ द्या," ते म्हणाले.

वकिलाला त्यांनी अर्धंच विचारलं होतं. सहा महिन्यांचं बंधन खरं, पण गेलेल्या सदस्याची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर ते बंधन निवडणूक आयोगावर राहत नाही. बांची मुदत येता एप्रिल सोडून त्याच्या पुढच्या एप्रिलच्या सुरुवातीला संपत होती आणि येती रामनवमी त्या तारखेच्या काही दिवस पुढे पडत होती, म्हणजे तोवर वर्षाहून कमीच मुदत उरणार होती. मी कॅलेंडर पाहूनच बोलले होते.

भाऊ गेल्यावर बांना सारं सांगितलं.

"म्हणजे माहंबी वर्ष जाईन."

"हो, बा."

"जाऊ दे."

रामनवमीला बा पोहरादेवीला पाया पडले, दिल्लीला गेले आणि सभापतींना राजीनामा दिला. भाऊंनी मारेगावात फटाके फोडले, पेढे वाटले. मग वाट पाहत बसले. पावसाळा सरला. बाकी राज्यांतल्या पोटनिवडणुका लागल्या, आमच्या जागेची काही लागेना. तेव्हा कुठे त्यांनी वकिलाला उरलेलं विचारलं असावं. कारण ते आले ते ओरडतच.

"बाबूसिंग, तुनं मले फसवलं!"

"राजीनामा देतो म्हनलो होतो," बा शांतपणे म्हणाले. "देल्ला. रामनवमीपावतर थांबाले तुमीबी हो म्हनलं होतं."

"ना आमदार राह्यलो, ना खासदार झालो! ओम माहा फोनबी उचलत नाही!"

माझ्या काळजाला थंडावा मिळाला. खोटं कशाला बोलू? तहसीलसमोर हार काढून पिशवीत कोंबला होता, तेव्हापासून याच वाक्याची वाट पाहत होते मी.

"बसा ना भाऊ," मी म्हटलं. "चहा घ्या. आता तुमाले घाई कायची?"

ते चहा न घेताच गेले.

बा खाटेवर टेकले. मी विचारलं, "वाईट वाटते का, बा?"

"वाटते ना बेटा. लय कामं राह्यली." त्यांनी भाऊंच्या गाडीच्या धुळीकडे हात केला. मग म्हणाले, "पन त्याचं तोंड पाह्यलं का तुनं?"

आणि ठसका लागेपर्यंत हसले.