मासे सोडण्याआधीचे दिवस

चारही सोनेरी मासे सकाळी पाण्यावर उताणे तरंगत होते. नागोराव गुरुजी काचेच्या पेटीसमोर मटकन बसले.

बाभुळगावापासून दोन कोसांवरच्या एका लहान गावातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक. नागपुरात एका डॉक्टरांकडे त्यांनी अशी पेटी पाहिली आणि तेव्हापासून ती त्यांच्या मनात भरली होती. शाळेच्या व्हरांड्यात हिरवंगार पाणी, त्यात सोनेरी झुळझुळ आणि भोवती तोंडात बोट घालून उभी मुलं! लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, पेटी साबणानं घासली, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. सकाळी सगळं स्वप्न पाण्यावर आलं होतं.

"मासेच कमजोर निघाले," गुरुजी खिन्नपणे म्हणाले.

शेजारी भीमराज गुरुजी उभे होते. शाळेत नव्यानं लागलेले, नदीकाठच्या वस्तीतले. पाच वर्षांपूर्वी, छप्पन सालच्या नागपुरातल्या दीक्षेनंतर लगेच, त्यांच्या साऱ्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला होता.

"मासे नाही गुरुजी, पाणी," ते म्हणाले. "साबण काचेले धरून राह्यते. अन् जत्रेआधी विहिरीत औषधाची पावडर टाकली हाये. तिच्या वासानं आपलंच डोकं दुखते, मासा तं त्यातच श्वास घेते."

"मंग आता?"

"आता घाई नाही करायची. पाणी आधी राहण्याजोगं झालं पाह्यजे."

दिवस हिवाळ्याचे होते. भीमराज गुरुजींनी पेटी मिठाच्या पाण्यानं धुतली, मग साध्या पाण्यानं चारदा खळबळली. बेंबळा नदीची वाळू नितळ पाणी निघेपर्यंत धुतली आणि मागे उंच, पुढे उतरती अशी अंथरली. डोहातल्या पाणवनस्पती तिच्यात रोवल्या. त्यांच्या मुळांशी डोहातली मूठभर वाळू मात्र न धुताच ठेवली. "हे विरजण समजा," ते हसून म्हणाले. मग वाळूवर थाळी ठेवून तिच्यावर नदीचं पाणी अलगद ओतलं. ते सगळं पाणी त्यांनी आपल्या घरच्या घागरीनं वाहिलं. त्याला गावात कोणी हरकत घेतली नाही. माशांसाठी होतं ना!

तिसऱ्या दिवशी पाणी गढुळलं. "फेकून द्यावं काय?" नागोराव घाबरून म्हणाले.

"राहू द्या. जिवंत होऊन राह्यलं ते."

आणि खरंच, आठवड्यानं गढूळपणा खाली बसला. पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरले. कुठूनशी आलेली एक इवलीशी गोगलगाय काचेवर चढू लागली. मधल्या सुट्टीत नागोराव त्या मासे नसलेल्या पेटीसमोरच बसून राहत. उन्हाची तिरीप पाण्यातून वाळूवर उतरे, पानं आपल्याशीच डुलत. गुरुजींना वाटे, आपण एखाद्या संथ नदीच्या तळाशी बसलो आहोत, आणि पोरांचा गलका, कापसाच्या बैलबंड्यांचा खडखडाट, सारं कसं वरून, लांबून वाहत चाललं आहे.

पंधराव्या दिवशी असंच तंद्रीत पाहताना काचेपलीकडे त्यांना एक मुलगी दिसली. पाण्यातून तिची आकृती लवलवत होती, पण ती स्वतः जागची हलत नव्हती. चौथीतली नलू. शाळेच्या माठापासून दोन हात लांब, ओंजळ धरून उभी. मुलं येत, पाणी पिऊन पळत. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. शेवटी कोरडी ओंजळ सोडून ती फाटकाबाहेर धावत गेली.

"ही पोरगी रोज सुट्टीनंतर उशिरा येते," नागोराव जवळ आलेल्या भीमराज गुरुजींना म्हणाले. "दोनदा छडी देल्ली मी तिले. जाते कुठं?"

"घरी. पाणी प्याले." भीमराज गुरुजी शांतपणे म्हणाले. "माठाले आमच्या लेकरांनी हात लावायचा नाही, कोणी वरून वाढलं तंच प्यायचं. कायदा झाला गुरुजी, पण हा रिवाज नाही गेला. तुमाले दिसलं नाही?"

नागोरावांनी माठाकडे पाहिलं. दिसलं होतं. रोज दिसत होतं. गावची रीत म्हणून नजर त्यावरून घसरून जात होती.

"पण ती अभ्यासातही कच्चीच..." ते पुटपुटले.

"मासे मेले तवा तुमी माशांलेच कमजोर म्हणाले होते. न पाह्यलेल्या माशांसाठी पंधरा दिवस पाणी राखलं आपण. ही लेकरं चार वर्षांपासून येऊन राह्यली. त्यांच्यासाठी काय तयार केलं?"

अरेरे! तहानलेल्या लेकराला आपण छडी मारली! नागोरावांना आपलाच हात परका वाटू लागला.

इतक्यात नलू धापा टाकत परतली आणि कोणी न सांगताच तिनं छडीसाठी हात पुढे केला.

त्या हातावर नागोराव गुरुजींनी माठावरचा पेला ठेवला. "माय, भर तुह्या हातानं. आधी तू पे, मंग मले दे."

मुलं जागच्या जागी थबकली. नलूनं भीमराज गुरुजींकडे पाहिलं, मग पेला माठात बुडवला. ती प्यायली. तिनं भरून दिलेला पेला मुख्याध्यापकांनी साऱ्या शाळेदेखत घटाघटा रिकामा केला. "आजपासून ज्याले तहान लागली, त्यानं आपल्या हातानं घ्यायचं!"

संध्याकाळी गावातले वजनदार डोमाजी तणतणत आले. "माठ बाटवला म्हणते तुमी! माह्या नातवाले नाही पाठवत उद्यापासून."

"तुमची मर्जी," नागोराव म्हणाले. " पण मोठा झाल्यावर तो इचारीन, काहून नाही पाठवलं? तवा उत्तर तयार ठेवजा."

चार दिवस नातू आला नाही. पाचव्या दिवशी आला, आणि तहान लागल्यावर नलूच्या मागे रांगेत उभा राहिला.

त्याच दिवशी भीमराज गुरुजींनी बेंबळा नदीतले बोटभर रुपेरी मासे आणले. पाण्याचा गारवा सारखा व्हावा म्हणून माशांचं भांडं पेटीत थोडा वेळ तरंगत ठेवलं, मग हळूच कलतं केलं. मासे क्षणभर बिचकले आणि पानांतून सळसळत निघून गेले. सारे जगले.

वाचकहो, कायद्यानं दार उघडलं. पण आत आलेल्या जीवाला मोकळा श्वास घेता येईल अशी जागा करणं हे तुमचं-माझं काम आहे. शाळा असो, कचेरी असो की आपलं घर, ते काम आजच सुरू करता येतं. एक पेला पुरतो.