सहा पिना आणि एक हात

मित्रांनो, या टेबलाच्या खालच्या खणात हात घातलात तर आधी वायरींचा गुंता लागेल, मग सेल संपलेलं एक कॅल्क्युलेटर, आणि त्याच्या शेजारी काळ्या रंगाची, कोपऱ्याला तडा गेलेली, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी. ती डबी म्हणजे मी. मी डीबगर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. काम संपलं की मला इथे ठेवतात. उचलणार असाल तर सावकाश उचला. घाई मला सोसत नाही.

डीबगर म्हणजे कोण, हे तुम्हाला माहीत नसेल. वाईट वाटून घेऊ नका, ते फारसं कुणालाच माहीत नसतं. कपडे धुण्याचं यंत्र असो, लिफ्ट असो की बोलणारं खेळणं, आत एका बोर्डावर एक चिमुकली चिप असते. सांगितलेलं सगळं ती निमूटपणे करते. चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तितक्याच निष्ठेने करते. काय करायचं ते तिच्यात भरणारा, आणि ती भरकटली की मध्येच अडवून "थांब, तुझ्या आत काय चाललंय ते बघू दे" असं म्हणणारा, तो मी. माझं एक टोक कॉम्प्युटरला आणि दुसरं बोर्डाला. घरात दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की निरोप पोचवायला तुम्हाला पाठवतात ना, आणि वर दोघांचा राग तुमच्यावरच निघतो ना? माझं जन्मभर तेच झालं.

माझ्या अंगावर दोन दिवे आहेत. बोर्डाशी नीट जोडलेलो असलो की हिरवा लागतो, संपर्क तुटला की लाल. बनवणाऱ्यांनी मला एवढीच भाषा दिली. पुढे जो घोटाळा झाला, तो या तुटपुंज्या भाषेमुळेच.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार दालनात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझा हिरवा दिवा पाहिला आणि माझ्याकडे पुन्हा न बघता पुढच्याला उचललं. लहानपणचे लाड म्हणायचे तर तेवढेच.

मग एका दुकानाच्या काचेआड मी पडून होतो. तिथे एके दिवशी बहीणभाऊ आले. बहिणीला सगळे बेबी म्हणतात. चाळिशी उलटली तरी घरातलं शेंडेफळ म्हणून तिचं ते नाव काही सुटलेलं नाही. भावाला ती दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. दुकानदाराने आमची रांगच मांडली. बेबीने कुणाचं रूप पाहिलं नाही, थेट तोंडं तपासली. एकाच्या पिना सैल होत्या. एकाला इतकी भोकं होती, की त्यातली अर्धी तिला कधीच लागणार नव्हती.

"याला रुंद केबल बसते का? आणि बारीकही?" तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"दोन्ही बसतात, ताई. पण हा थोडा महाग पडतो."

"घे गं," दादा मागून म्हणाला. "रोज माझ्यापेक्षा जास्त याच्याशीच भांडणार आहेस तू. जरा चांगला बघून घे."

अशी माझी निवड झाली. निवड झाली की पुढे विश्रांती मिळते अशी माझी समजूत होती.

त्यांचं कामाचं ठिकाण म्हणजे शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बेबी प्रोग्रॅम लिही, दादा बोर्डावर एकेक भाग बसवून सोल्डरिंग करी, म्हणजे वितळत्या कथलाने तो जोडी, आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी, माल खोक्यांत भरत आणि फोनवर गिऱ्हाइकांना सांभाळत. तिघांत दादाच्या हाताचा मोठा बोलबाला होता. तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग तो चिमट्याने उचली आणि जागेवर असा ठेवी, की तो तिथेच जन्माला आला असावा. गिऱ्हाईक आलं की तो बोर्ड उजेडात धरून दाखवी. "हे यंत्राने केलेलं नाही, या हाताने केलेलं आहे," असं म्हणताना त्याची मान थोडी वर जाई. वहिनी मागून म्हणत, "झालं. आता अर्धा तास हातच दाखवतील."

तेव्हा ते रुग्णालयातल्या, बटणाने वरखाली होणाऱ्या पलंगांचे बोर्ड करत. बोर्ड ऐसपैस, आणि माझ्यासाठी त्यावर एक कायमचा कनेक्टर. त्याला एका बाजूला खाच होती आणि माझ्या केबलला त्या खाचेत बसणारा उंचवटा, त्यामुळे उलटं बसायची सोयच नव्हती. टक्‌ असा आवाज झाला, की मी जोडला गेलो आणि सगळ्यांचे हात मोकळे. ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मात्र मी कंटाळलो होतो.

मग सलाइनचं काम आलं. सलाइनच्या नळीला अडकवायचं एक छोटं यंत्र. ते थेंबांवर लक्ष ठेवणार आणि बाटली संपत आली की वाजणार, म्हणजे रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला घटकाभर डोळा लावता येईल. बोर्ड अंगठ्याएवढा. त्यावर माझा कनेक्टर ठेवायचा की नाही, यावरून बहीणभावांत चांगलीच जुंपली.

"कनेक्टर हवाच," बेबी म्हणाली. "उद्या काही बिघडलं तर आत शिरायचं कुठून?"

"अगं, पण जागा कुठेय? त्याच्यासाठी यंत्र जाड करायचं का? तांब्याचे सहा ठिपके ठेव. स्प्रिंगच्या सहा पिनांची केबल मिळते, ती त्यावर दाबून धरली की झालं."

"आणि दाबून कोण धरणार?"

"मी धरीन की! माझा हात म्हणजे पक्कड आहे पक्कड."

दादा जिंकला. तेव्हापासून ते दोघं रोज एकाच टेबलाशी, गुडघ्याला गुडघा लावून बसू लागले. दादा त्या सहा पिना ठिपक्यांवर दाबून धरी, बेबी बटण दाबी, मी प्रोग्रॅम चिपमध्ये ओतत असे. पूर्ण होईपर्यंत हात केसभरही हलून चालत नसे. आणि तो हलत नसे. त्या केबलमधून मला त्याच्या हाताची नाडी कळायची. शांत, एकसारखी. काम चालू असताना दोघं लहानपणच्या गोष्टी काढत, कुणी कुणाची पेन्सिल चोरली होती यावर अजूनही भांडत, आणि माझा हिरवा दिवा तेवत असे. खरं सांगतो, त्या कामात मला कधी शीण वाटला नाही.

मग ते सुरू झालं. सगळ्यांत आधी ते मला कळलं. पिना ठिपक्यांवर असायच्या आणि त्यांच्यामागून कसलीतरी बारीक थरथर यायची. आधी क्वचित, मग रोज. संपर्क तुटे आणि मी लाल दिवा लावी.

"दादा, नीट धर ना."

"धरलंय गं! या डीबगरलाच काहीतरी झालंय."

तो कोपर टेबलावर टेकवून बघू लागला. मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देऊ लागला. श्वास रोखून धरू लागला. कॉम्प्युटरकडे बघत असलेल्या बेबीला यातलं काही दिसत नव्हतं. वहिनी त्याला चहा आता अर्धाच कप भरून देऊ लागल्या होत्या, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी मात्र लाल दिवा लावत होतो. माझ्याजवळ तेवढंच होतं. मी सांगत होतो, की इकडे बघा, हा हात बघा. ते वाचत होते, की डीबगर बिघडला.

सगळं खापर माझ्यावर फुटलं. बेबीने माझी केबल बदलली. मग दुसरी बदलली. माझी तोंडं ब्रशने घासली. शेवटी तिने माझा वेग कमी केला. संपर्क कच्चा असला की डीबगरला सावकाश बोलायला लावतात, ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे. पण सावकाश बोलायचं म्हणजे हात जास्त वेळ धरायचा, आणि हात जास्त वेळ धरला की जास्त थरथरायचा. मला बरं करण्याच्या नादात ती त्याचे हाल वाढवत होती. मित्रांनो, अपमानाचं एवढं काही नाही हो. पण आपल्याला सगळं ठाऊक असावं आणि तोंडातून शब्द फुटू नये, याने माणूस थकतो तसाच डीबगरही थकतो.

एकदा संपर्क असा अर्ध्यावर तुटला, की चिपमध्ये प्रोग्रॅम अपुरा भरला गेला. यंत्राचा दिवा लागला, थेंब मोजले गेले, फक्त बाटली संपल्यावर ते वाजलं नाही. बेबी प्रत्येक यंत्र स्वतः तपासते म्हणून ते तिच्या हाती सापडलं. ते तिने टेबलावर ठेवलं.

"दादा, हे बाहेर गेलं असतं तर?"

दादाने मान वर केली नाही. "म्हातारा झालाय तो," माझ्याकडे बघून तो म्हणाला. "नवीन आण."

नवा डीबगर आला. चकचकीत, माझ्या निम्म्या आकाराचा, बोलायला चुरूचुरू. माझी रवानगी या खणात झाली. हा खण वायरींमुळे कधी पुरता मिटत नाही, म्हणून फटीतून मला सगळं दिसत होतं. मी वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, नव्याचा लाल दिवा लागला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. मग दादाचा चेहरा दिसला आणि ते बरं वाटणं विरून गेलं.

"हे कसं शक्य आहे?" बेबी पुटपुटली. "डीबगर नवा, केबल नवी." मग ती उठली. "तू इकडे बस आणि बटण दाब. मी धरते."

"नको, राहू दे. तुला जमायचं नाही ते."

"दादा, बस तर खरा."

तो बसला. तिने पिना दाबल्या. हिरवा. दुसरा बोर्ड घेतला. हिरवा. तिसरा घेतला आणि ती म्हणाली, "चल, दाब." पण बटण काही दाबलं जाईना. तिने वळून पाहिलं. दादाचा हात माउसवर होता, आणि पडद्यावर माउसचा बाण बटणाच्या आजूबाजूला नाचत होता. तो त्याला आवरू बघत होता आणि बाण आवरत नव्हता.

बेबी बाणाकडे बघत राहिली, मग हाताकडे. दादाने हात काढून मांडीखाली दडपला, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा.

"कधीपासून?" तिने विचारलं.

दारात खोकं घेऊन उभ्या असलेल्या वहिनी बोलल्या, "दिवाळं वाजायची वाट बघताय का आता? सांगा ना."

"वहिनी, तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती गं त्यांनी मला. डॉक्टरकडेही येत नाहीत. मी रोज शर्टाची बटणं लावून देते आणि रोज भांडते."

"आणि खापर मात्र त्या डीबगरवर फोडत होतास!" बेबीचा आवाज चढला, आणि चढता चढताच फाटला.

"मग काय सांगू?" दादा म्हणाला. "हा हात गेला की मी इथे कोण? तू प्रोग्रॅम लिहितेस, ही सगळं सांभाळते. मी काय करू, खुर्ची गरम करू?"

बेबीने त्याचा हात मांडीखालून ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थांबला नाही. तिच्या हातातही थरथरतच राहिला. ती रडली, आणि मला रडता येत असतं तर मीही रडलो असतो.

बहीणभाऊ डॉक्टरकडे जाऊन आले. औषध सुरू झालं. थरथर थोडी उतरली, गेली नाही, जाणारही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सोल्डरिंगसाठी एका बाईंना नेमलं. पहिले काही दिवस दादा त्या टेबलाकडे बघतही नव्हता.

इकडे बेबीने त्या अंगठ्याएवढ्या बोर्डाचा नकाशा पुन्हा काढायला घेतला. वाजणारा भाग तिने कडेला सरकवला, एक भाग उचलून बोर्डाच्या पाठीवर नेला आणि माझ्या सहा ठिपक्यांभोवती चार बारीक भोकं पाडण्याइतकी जागा काढली. मग तिने अशी केबल शोधली, जिच्या पिनांभोवती चार लवचिक पाय असतात. पाय भोकांत गेले की ते आपोआप अडकून बसतात. कुणी धरून बसावं लागत नाही.

"जागा नव्हती ना?" दादाने विचारलं.

"नव्हतीच. केली." तिने वर न बघता उत्तर दिलं. "आता मला धरणारा नको, तपासणारा हवा. प्रत्येक यंत्र वाजतं की नाही ते तू ऐकायचंस. तू हो म्हटल्याशिवाय एकही खोक्यात जाणार नाही. वहिनी, ऐकलंस ना?"

"ऐकलं. आता अर्धा तास कानच दाखवतील," वहिनी म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिघंही हसले.

त्या नव्या केबलचं दुसरं टोक रुंद होतं. चकचकीत डीबगरला ते बसेना. दादा खाली वाकला, त्याने खणात हात घातला आणि मला बाहेर काढून शर्टाने पुसलं. "चल बाबा," तो हळूच म्हणाला. "तुला फार बोललो मी."

केबल बसवायला त्याला वेळ लागला. पाय भोकांना चुकत, हात भरकटे, बेबी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी टक्‌ असा आवाज झाला. मी हिरवा दिवा लावला. माझा वेग कमी केला होता तो अजून कुणी वाढवलेला नाही, त्यामुळे मी माझ्या त्याच म्हाताऱ्या चालीने प्रोग्रॅम ओतू लागलो.

मित्रांनो, मी थकलो आहे, फार काही मागत नाही. एखादी जुनी वस्तू सारखी चुकते आहे असं वाटलं, तर तिला खणात टाकण्याआधी तिला धरणाऱ्या हाताकडे एकदा बघा. कदाचित ती वस्तू तुम्हाला तेच सांगत असेल.

दादाने केबल सोडून दिली. त्याचा हात माझ्या शेजारी टेबलावर उघडा पडला होता, कुणापासून न लपवता थरथरत होता, आणि माझा हिरवा दिवा शेवटपर्यंत हलला नाही.