कमरेचं माप

बाबांचे कपडे कुणाला तरी द्यावेत म्हणून दुकानातलं कपाट उघडलं, तेव्हा ताईच्या हाती त्यांची राखाडी पँट आली. सवयीने तिने कंबर उलटी करून पाहिली. मागच्या शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीपलीकडे एक. बाबा पडले शिंपी. पँट जरा काचली की तिथल्या तिथे उसवायची, आतलं जादा कापड थोडं सोडायचं आणि पुन्हा टीप मारायची. पोट सुटलंय हे इतरांना त्यांची पँट सांगते. बाबांच्या पँटने त्यांना कधी काही सांगितलंच नाही.

कळलं तेव्हा यकृतात साठलेल्या चरबीने आपलं काम केलं होतं. यकृत कडक झालं होतं. दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, पण भेटायला येणारे जिन्यातच कुजबुजत, "घेत असणार गुपचूप." बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

मुलांनीही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. ताईने घेतलं. बाबांच्या मशीनवर आता बसणारा धाकटा भाऊ अजून आज-उद्या करत होता.

"अगं, मला काय धाड भरलीये? दोन्ही वेळ चापून जेवतो."

"बाबाही जेवायचे."

"झालं तुझं सुरू!" तिच्या हातातली पँट ओढून घेत तो पडद्यामागे गेला. बाहेर आला तो स्वतःभोवती गिरकी घेतच. "बघ! जशी माझ्यासाठीच शिवलीये. एक टाका हलवायला नको."

ताई हसली नाही. तोही मग हसायचा थांबला. त्याने मान खाली घालून पँटच्या कमरेकडे पाहिलं.

तिने खिळ्यावरची टेप काढली. "हात वर कर."

"शिंप्याचं माप घेतेस?" तो पुटपुटला, पण गिऱ्हाइकासारखे हात वर करून उभा राहिला.

पोट मोठं असलेल्या गिऱ्हाइकाचा आकडा बाबा कधी तोंडाने उच्चारत नसत, मुकाट्याने लिहून घेत. माणसाला ओशाळं करू नये, म्हणायचे. ताईने टेप जुळवली आणि आकडा मोठ्याने वाचला.

धाकट्याने सावकाश हात खाली घेतले.

"सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं असतं ना?"

"हो."

"मग सकाळी ये माझ्याबरोबर," तो म्हणाला आणि पँट बदलायला पडद्याआड गेला.